कुठलं पाऊल

२०१५ साली हॉस्पिटलात दुखण्यांच्या कोडांची नवी यादी आली. जुन्या यादीत पाऊल दुखण्याला एकच आकडा होता. नव्या यादीत तीन झाले: उजवं, डावं, आणि कुठलं ते लिहिलेलं नाही. तिसरा घातला की कागद परत येई आणि साहेब त्याभोवती लाल गोल करीत. कोड घालणाऱ्या बाईच्या नावावर त्या आठवड्यात दोन गोल झाले होते. तिला सगळं हॉस्पिटल वहिनी म्हणे, कारण खाली धुलाईखात्यात इस्त्रीच्या यंत्रावर उभी असणारी तिची नणंद तिला तशी हाक मारी.

दुपारी नणंदेचाच कागद टेबलावर आला. डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘पाऊल दुखते.’ एवढंच. मागोमाग नणंदही आली, पाय किंचित ओढत, आणि समोरच्या स्टुलावर बसली.

“कुठलं पाऊल, वन्सं?”

“कमाल आहे तुझी. एका घरात राहतो आणि विचारतेस कुठलं! उजवं.”

“तुमचं ऐकून मला लिहिता येत नाही. डॉक्टरांनी सांगायला हवं.”

“पाय माझा, आणि सांगणार डॉक्टर!”

वहिनीने फोन लावला. डॉक्टर जेवत होते. “उजवं,” ते म्हणाले. “आणि एवढ्यातेवढ्यासाठी फोन करत जाऊ नका.” वहिनीने कागदावर त्यांचं नाव आणि वेळ लिहिली, उजव्या पावलाचा आकडा टाकला. तिला हायसं वाटलं.

“तसं आता दुखत नाहीच म्हणा,” नणंद म्हणाली. “परवापासून त्या पायाचं काही कळतच नाही. काल घरी जाऊन मोजा काढला, तर तळव्यात सेफ्टी पिन. कुठल्या तरी चादरीची असणार. दिवसभर तिच्यावर उभी होते, पत्ता नाही बघ मला!”

ती हसली. वहिनी हसली नाही. बधिरपणाचा आकडा यादीत पुढच्याच पानावर होता. दुखणं म्हटलं की हाडांचा विभाग, तारीख सहा आठवड्यांनी. बधिरपणा म्हटलं की दोन दिवसांत नसांचे डॉक्टर. हे तिला पाठ होतं. पण कागदावर नाही ते घालायचं नाही, असा नियम. आणि डॉक्टर अजून जेवतच असणार.

तिने फोनवर हात ठेवला. साहेब दारातून डोकावले. “झालं का? खिडकीवर लोक खोळंबलेत.”

“होतंय.”

“सोड गं,” नणंद म्हणाली. “न दुखण्यावर कसलं आलंय औषध?”

वहिनीने फोनवरचा हात काढला आणि बटण दाबलं. सहा आठवड्यांनंतरची तारीख छापून आली. नणंदेने चिठ्ठीची घडी ॲप्रनच्या खिशात घातली आणि ती खाली यंत्रावर उभी राहायला गेली.

चौथ्या आठवड्यात पिनेची जखम चिघळून तिला ताप भरला. पाचव्यात उजवा पाय घोट्याच्या वर कापला.

वर्षअखेरीस साहेबांनी सगळे कागद तपासले. त्या कागदात चूक निघाली नाही. साहेब पुढे वरच्या जागेवर गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. डॉक्टर दुसऱ्या शहरात गेले; त्यांना हे कोणी कळवलं नाही. नणंदेला बसून चादरी घडी करायचं काम मिळालं, ते तिने तीन वर्षं केलं. वहिनीने मुदतीआधीच नोकरी सोडली. कोणी विचारलं तर डोळ्यांना त्रास होतो असं सांगे.

आता दोघी घरीच असतात. रोज संध्याकाळी वहिनी खाली बसते आणि नणंदेचं डावं पाऊल मांडीवर घेते. नणंद डोळे मिटते. वहिनी एकेका बोटाला हात लावते, कुठलं ते नणंद सांगते.

“अंगठा.”

“हं.”

“मधलं.”

“हं.”

हल्ली कधी कधी वहिनीचा हात लागायच्या आधीच नणंद म्हणते, “करंगळी.”

वहिनी म्हणते, “हं.”