तंबोऱ्याची जागा

"तुझा तंबोरा लोकांच्या कानावर येता कामा नये, आणि थांबताही कामा नये." पहिल्या बैठकीआधी विलासरावांनी बायकोला एवढंच बजावलं होतं. सत्यभामाबाई मग जन्मभर त्यांच्या गाण्यामागे तंबोरा घेऊन बसल्या. शेवटच्या दुखण्यात ते पुटपुटले, थांबवू नकोस. सत्यभामाबाईंनी हो म्हटलं. तेव्हापासून शारजातल्या लेकाच्या फ्लॅटमध्ये रोज तिन्हीसांजेला दिवा लावायचा आणि विलासरावांच्या फोटोसमोर बसून तंबोरा छेडायचा, हा त्यांचा नेम.

आजही त्या तशाच बसल्या. पहिला झंकार आला आणि विरून गेला. बोटं तर फिरत होती. त्यांनी जोर लावला. काही नाही. परवा एकादशीला चुकून मारीचं बिस्कीट तोंडात गेलं होतं, त्याचं तर हे नव्हे? की बोटांतला जीवच गेला?

नात मिहिका कानांवर हात ठेवून आली. "आजी, इट्स टू लाउड."

सत्यभामाबाईंनी पुन्हा तार छेडून बघितली. पोरीचं बोलणं लख्ख ऐकू येतं आणि हातातला तंबोरा नाही?

लेक अरुण ऑफिसातून आला, तो आईच्या सोललेल्या बोटाकडे बघून थबकला. तिच्या कानातलं नवं बिनतारी श्रवणयंत्र त्याच्याच कंपनीचं, ट्रायलसाठी त्यानेच आज सकाळी आणून दिलेलं. गळ्यातली डबी आवाज टिपून कानातल्या यंत्राकडे पाठवायची. आईचं सगळं ऐकून घेऊन तो कपाळाला हात लावून बसला.

"आई, डबीपासून कानापर्यंतची वाट फार अरुंद आहे. सगळं मावत नाही. म्हणून एकसारखा चालणारा आवाज गाळायचा, असा प्रोग्रॅम मीच लिहिला. एसीची घरघर जावी म्हणून."

"म्हणजे तंबोरा वाजत होता?"

"पूर्ण वेळ."

पुढच्या प्रोग्रॅममध्ये सुधारतो, इन्शाल्ला, तोवर संध्याकाळपुरतं जुनं यंत्र लाव, असं तो म्हणाला. सत्यभामाबाईंनी फोटोकडे पाहिलं.

"नको," त्या म्हणाल्या. "आहे ते बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी दिवा लावून झाल्यावर त्यांनी फोटो उचलला आणि हॉलकडे तोंड करून पुढे मांडला. स्वतः त्याच्या मागे बसल्या. हलक्या हाताने तार छेडली. पहिला झंकार विरला. बोट थांबलं नाही.