चुन्याचे क्रूस

चर्चमधून परतलेल्या फिदेन्सिओला जिन्यातच धूळ लागली. वर घण पडत होता. तो धापा टाकत चढला. एका हातात फुलं, दुसऱ्या हातात पत्र्याचा रिकामा डबा.

इमारतीत आता ऑफिसं होणार होती. बाकीचे भाडेकरू केव्हाच गेले होते. "नववा दिवस होईपर्यंत तुमच्या खोलीला हात लावणार नाही," असं मालक त्याच्या बायकोच्या, एर्नेस्तिनाच्या मयतीला येऊन म्हणाले होते. तिची शवपेटी जिथे ठेवली होती, तिथे जमिनीवर चुन्याचा क्रूस काढला होता. आज नववा दिवस. प्रार्थना म्हणून तो चुना गोळा करायचा आणि तिच्या थडग्यात पुरायचा. तोवर गेलेलं माणूस घरातच असतं.

खोलीच्या मधोमध खड्डा होता. मुकादम क्रिस्पिन पाणी पीत उभा होता.

"इथं क्रूस होता," फिदेन्सिओ म्हणाला.

"होता ना. म्हणून तर फोडलं." क्रिस्पिनने तोंड पुसलं. "इंजिनिअर साहेब चुन्यानंच खुणा करतात, बाबा. क्रूस दिसला की फोडायचं. इथनं संडासाची नळी जाणार."

क्रिस्पिन दूर उत्तरेकडचा, मोन्तेर्रेयचा. त्याच्याकडे ही रीत नव्हती. मालक मात्र इथलेच, ओआहाकाचे.

"मालकांनी शब्द दिला होता."

"मालकांनीच तर कुलूप काढून दिलं."

फिदेन्सिओ गुडघ्यांवर बसला. फुटकी लादी, वाळू, सिमेंट. सगळंच पांढरट. तो बोटांनी चाचपत राहिला.

"चुनाच हवाय ना?" क्रिस्पिन जरा ओशाळला. "खाली पोतंभर पडलाय. न्या हवा तेवढा."

लादीचा एक तुकडा फिदेन्सिओने डब्यात टाकला. फुलं खड्ड्यात ठेवायला तो वाकला, आणि तसाच उठला. संडासात कशाला.

बाहेर बोळात एकाही खोलीला दार उरलं नव्हतं. शिंपीणबाईंची खोली. बेकरीतल्या दोघा भावांची. निवृत्त पोस्टमनची. प्रत्येक खोलीत जमिनीवर एक पांढरा क्रूस.

पहिल्या उंबऱ्याशी त्याने हॅट काढली. ती परत डोक्यावर चढवायला मधे कुठे उसंतच मिळाली नाही.

"सांभाळून हं, बाबा," मागून क्रिस्पिन ओरडला. "क्रूसांवर पाय देऊ नका!"