सुट्या फळ्या

देवरामने होडीतली फळी ठोकायला खिळा धरला आणि नेमका तेव्हाच रघू पाटलाने नियम सांगितला.

"पोरं न्या, भात न्या, शेरडं न्या. पण कळा लागलेली बाई होडीत चढवायची नाय. मधेच मोकळी झाली तर होडीला सोयर लागंल. मग दहा दिवस होडी बंद. शाळा बुडंल, बाजार बुडंल."

काठावर बसलेल्या सगळ्या गड्यांनी माना डोलावल्या. त्यांचं काय जातं? त्यांच्यापैकी एकालाही बाळंत व्हायचं नव्हतं.

देवरामच्या हातातला खिळा हातातच राहिला. त्याच्या सुनेला, शकूला, आठवा महिना सरत आला होता. दोन वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला तिला झोळीत घालून डोंगरवाटेने नेलं होतं. पाडा तिन्ही बाजूंनी धरणाच्या पाण्यात, आणि चौथ्या बाजूच्या वाटेने शहापूरचा दवाखाना अर्ध्या दिवसावर. शकू वाचली, पोर वाचलं नाही. तेव्हापासून देवराम होडीसाठी दारोदार फिरला. अठ्ठ्याण्णव साली होडी मिळाली, पण आतून पार मोकळी. बसायला साधी फळीही नाही. पाड्यात रंधा धरता येणारा देवराम एकटाच, म्हणून आतलं सगळं त्याच्या गळ्यात पडलं. त्याला तेच हवं होतं.

पाटील काही वाईट माणूस नव्हता. पण चारचौघांत बोललेला शब्द त्याने आजवर कधी मागे घेतला नव्हता, हे देवरामला ठाऊक होतं. दगडावर डोकं आपटून दगड फुटत नाही. सगळे घरी गेल्यावर त्याने पकड घेतली आणि आधी ठोकलेले अठरा खिळे एकेक करून उपटून काढले.

दुसऱ्या दिवसापासून त्याने होडीचं सगळं आतलं काम नव्याने मांडलं. दोन्ही अंगांना आतून वर एक आणि खाली एक अशा पट्ट्या मारल्या. फळ्या मात्र सगळ्या सुट्या ठेवल्या. वरच्या पट्टीवर आडव्या टाकल्या की शाळेच्या पोरांना बाक. खालच्या पट्टीवर टाकल्या की भाताच्या पोत्यांना कोरडी जमीन. पट्ट्यांना पाडलेल्या खाचांत उभ्या केल्या की शेरडांना कोंडवाडा. लोक बघायला येत आणि नावं ठेवून जात.

"ठोक की रे दोन खिळे. लगीनघरच्या भांड्यांसारखा खडखडाट होतोय," पाटील म्हणाला.

"शेरडं नेताना काढाव्या लागतात," देवराम म्हणाला. ते खोटं नव्हतं.

त्यातल्या तीन फळ्यांवर मात्र त्याने आठ दिवस घालवले. रंधून रंधून त्यांच्या कडा अशा जुळवल्या की सांध्यात केस जाणार नाही. मग त्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि खाली वाकून बघितलं. गड्यांना हसू आवरेना. बसायच्या फळीतून पाणी गळलं काय आणि न गळलं काय! म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं चार घरांत बोललं गेलं. देवरामने ऐकलं आणि पुन्हा रंधा उचलला.

दिवस भातकापणीचे होते. एका दुपारी गडी शेतावर असताना शकूला कळा सुरू झाल्या. देवरामने कुणाला विचारलं नाही. तीन फळ्या शेजारी शेजारी टाकल्या, वर गोधडी अंथरली आणि शकूला उचलून तिच्यावर निजवलं. ठमी सुईण उशाशी बसली. शकूचा नवरा साईनाथ आणि देवराम वल्ही मारू लागले. अर्धं पाणी कापलं आणि ठमी ओरडली, "थांबवा रे, वेळ आली!" होडी थांबली. देवराम पाठ करून बसला आणि डोळे मिटून घेतले. त्याला फार भीती वाटत होती. जन्मलेल्या पोरीचं पहिलं रडणं ऐकलं तेव्हा त्याला स्वतःलाच रडू फुटलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

पलीकडे जीप मिळाली. साईनाथ आणि ठमी बाळबाळंतिणीला उचलून घेऊन शहापूरला गेले. तिन्हीसांजेच्या आधी देवराम एकटाच होडी वल्हवत परतला. बातमी कशी कोण जाणे, त्याच्याआधी पोचली होती. अख्खा पाडा काठावर उभा होता. पुढे पाटील.

"सांगितलं होतं ना? होडीला सोयर लागलं. आता दहा दिवस कुणी पाय ठेवायचा नाय. उद्याचा बाजार गेला."

देवरामने वल्हं ठेवलं. तीन फळ्या उचलल्या आणि गोधडीसकट डोक्यावर घेतल्या.

"बाळंतीण घरात असली तर आपण चूल बंद ठेवतो काय पाटील? बाज तेवढी वेगळी ठेवतो. ही तिची बाज. ही दहा दिवस माझ्या ओटीवर राहील, दहाव्या दिवशी धुऊन परत बसवीन. होडीला नाय तिचा पाय लागला, नाय एक थेंब. वाकून बघा."

पाटील खरंच वाकला. होडीचा तळ त्याने बोटांनी चाचपला, मग बोटं उजेडात धरून बघितली.

"उद्या माझी शेरडं जातील बाजारला," शेवटी तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. लोक हळूहळू पांगले. मग तो देवरामच्या जवळ आला आणि आवाज खाली घेतला.

"ह्या तीन तर दहा दिवस अडकल्या. अजून तीन काप. आमची पोर अनिता बुधवारी टोकावड्याहून पहिल्या बाळंतपणाला येतेय, दिवस भरलेत तिचे."