हागोपच्या गावच्या खिडक्या

आखाती युद्धातले क्षेपणास्त्रांचे सायरन सुरू झाल्यापासून सुतार हाशिर परकारचं डोकं फिरलेलं होतं. कफील, म्हणजे कामावर आणणारा अरब मालक, सगळ्यांचे पासपोर्ट घेऊन जेद्दाला पळाला आणि खोबरच्या कामगार-कॅम्पातल्या काचा स्फोटाने उडू नयेत म्हणून त्यांना चिकटपट्टीच्या फुल्या मारायला हा मागे.

सोबतचा आर्मेनियन ड्राफ्ट्समन हागोप भिंतीवरच्या जुन्या फोटोपुढे बसून एकच पुराण लावायचा. हा आजोबांच्या गावचा पूल, हे चर्च, हा घंटेचा मनोरा. सगळं पाडलं, माणसांसकट.

"बास कर तुझं मेलेलं गाव," हाशिर खेकसला आणि फोटो उतरवायला गेला.

चर्चच्या खिडक्यांवर चिकटपट्टीच्या फुल्या होत्या. एकच खिडकी मोकळी होती.

"ही थट्टा कुणाची?" त्याने फोटोच्या काचेवर नख घासलं. काच गुळगुळीत होती. फुल्या फोटोच्या आत होत्या, आणि पट्टीचं प्रत्येक टोक त्याच्याच सवयीप्रमाणे दुमडलेलं.

"काल नव्हत्या," हागोप पुटपुटला.

खोलीतलीही एकच खिडकी फुलीविना राहिली होती, हाशिरच्या खाटेवरची. पट्टीचा रोल संपला होता.

सायरन वाजला. फोटोतून पट्टी ओढल्याचा चर्र आवाज आला आणि मोकळ्या खिडकीवर फुली उमटली.

आता मोकळी फक्त हाशिरच्या खाटेवरची खिडकी उरली होती.