वयाचा रकाना

"काका, तुमचं वय अठ्ठावन्न आणि चिरंजीवांचं सेहेचाळीस," डॉक्टर केसपेपरवर बोट ठेवून म्हणाल्या. "म्हणजे बाराव्या वर्षी बाप झालात तुम्ही. कमाल आहे!"

समोर बसलेले निवृत्त बसकंडक्टर खो खो हसले. हसता हसता त्यांना धाप लागली, पण हसू काही आवरेना.

"अहो, अठ्ठावन्नाव्या वर्षी तर मला निरोप देऊन घरी बसवलं. त्याला झाली चौदा वर्षं. बहात्तर लिहा, बहात्तर! कुणीतरी झोपेत लिहिलेलं दिसतंय."

शेजारी बसलेला मुलगा हसला नाही. तो खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती, बाकी काहीच नव्हतं.

कोरोनाच्या साथीत या रुग्णालयात भरती झालेल्या चारशे जणांची माहिती डॉक्टर गोळा करत होत्या. कुणाला आधीपासून काय होतं, कोण घरी गेलं, कोण गेलं नाही. एका माणसाला एक ओळ. वय, शुगर, बीपी, वजन, तंबाखू, आणि सगळ्यात शेवटी निकाल. कंडक्टरांच्या ओळीने त्यांना भंडावून सोडलं होतं. वय अठ्ठावन्न, एकही आजार नाही, तरी एकोणीस दिवस मुक्काम आणि त्यातले अकरा आयसीयूत. असा धडधाकट माणूस एवढा खालावलाच कसा, हे विचारायला त्यांनी आज मुद्दाम बोलावणं धाडलं होतं.

"शुगर आहे तुम्हाला?"

"दहा वर्षं झाली."

"बीपी?"

"लग्न झाल्यापासून."

डॉक्टरांनी केसपेपर दोनदा उलटून पाहिला. "इथे दोन्हींपुढे 'नाही' लिहिलंय. वॉर्डात शुगर चढली ती औषधांनी, असंच आम्ही धरून चाललो होतो. भरती करताना माहिती कुणी दिली?"

"मी," मुलगा म्हणाला.

मग त्यानेच सांगून टाकलं, एका दमात, घाईघाईने. "आयसीयूचा एकच बेड रिकामा होता. दारावरच्या माणसाने सांगितलं, साठीच्या आतले आधी घेतायत. बाबांचे ओठ निळे पडले होते. मी अठ्ठावन्न म्हणालो. शुगर नाही, बीपी नाही, काही नाही म्हणालो. मला बाकी काही सुचलंच नाही."

कंडक्टरांचं हसू कुठल्या कुठे गेलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाला रांग मोडू दिली नव्हती. एकदा सासरे बसमध्ये चढले, तर त्यांचंही तिकीट फाडलं होतं आणि सुटे नाहीत म्हणून चारचौघांत सुनावलंही होतं. तो विषय निघाला की घरात बायको अजून भांडी आपटायची. तिखट स्वभावाचा माणूस, पण हिशेबाला चोख, असं डेपोत सगळेच म्हणायचे.

"एकच बेड होता?" त्यांनी मुलाला विचारलं.

"हो."

"आणि थांबलेले किती?"

मुलाने मान खाली घातली. कंडक्टर डॉक्टरांकडे वळले.

"तुमच्याकडे त्या दिवसाची यादी असेल ना?"

"आहे."

"त्या बेडसाठी माझ्या आधी कुणाचा नंबर होता? नाव नको मला. बाई की बाप्या तेही नको. घरी गेलं का, तेवढंच सांगा."

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर दिवस शोधला, वेळ शोधली. एका ओळीवर त्यांची नजर थांबली आणि बराच वेळ तिथेच राहिली. मग त्यांनी पडदा किंचित स्वतःकडे वळवून घेतला.

"आजोबा, दुसऱ्या पेशंटचं मला सांगता येत नाही. नियम आहे तसा."

"बरोबर आहे. नियम म्हणजे नियम." कंडक्टर गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. "पण घरी गेलं असतं, तर तुम्ही पटकन सांगून टाकलं असतंत."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना वाईट वाटलं होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"तो बेड मिळाला असता तरी काय झालं असतं, कुणी सांगावं? चारशे ओळी मांडून बसलेय मी. पण एका माणसाचं विचाराल, तर मला नाही सांगता येणार. खरंच नाही."

त्यांनी अठ्ठावन्न खोडून बहात्तर केले. शुगर, हो. बीपी, हो. शेवटच्या रकान्यात 'घरी गेले' होतं, ते तसंच राहिलं. इतके दिवस हा माणूस एवढा आजारी कसा पडला, हे कोडं होतं. आता तो वाचला कसा, हे विचारावं लागलं असतं. तिघांनाही ते माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.

बाहेर पडल्यावर कंडक्टर पुढे आणि मुलगा चार पावलं मागे असे दोघं उतार उतरू लागले. वळणावर म्हाताऱ्याला पुन्हा धाप लागली. ते कठड्याला टेकले. मुलाने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"बाबा, काहीतरी बोला. शिव्या द्या हव्या तर."

"वाईट केलंस."

"हो."

"कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलं."

"हो, बाबा."

मुलगा भर रस्त्यात रडू लागला. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, नाक शर्टाच्या बाहीला पुसत होता. कंडक्टर त्याच्याकडे बघत राहिले. धाप जरा ओसरल्यावर त्यांनी त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि पुढचं पाऊल टाकलं.

"तू तिथे पडला असतास ना," ते म्हणाले, "तर मी तुझं वय वीस सांगितलं असतं."