नळीतला कापूस

उदयसिंग मिस्तरीनं या खेपेला दौलतरावांच्या मोटारीला हात लावला नाही. वाशीमहून अकोल्याकडं जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून तो मेडशीला उतरला, त्यांच्या अंगणात आला, पिशवीतला पाना काढला आणि सरळ त्यांच्याच हातात दिला.

"आज तुमी खोला," तो म्हणाला. "मी बसून पायतो."

दौलतरावांचं धाबं दणाणलं. मोटारीला काय झालंय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, कारण ते त्यांनी स्वतःच केलं होतं. इंजिनाकडं पेट्रोल नेणारी तांब्याची नळी सोडवायची, तिच्या तोंडात बोटाच्या पेराएवढा कापूस कोंबायचा, नळी होती तशी बसवायची आणि वाशीमला निरोप धाडायचा की मोटार पुन्हा रुसली. कापूस वेचायला लागल्यापासूनची ही चौथी खेप. काम अर्ध्या तासाचं, पण परतीची सर्व्हिस मोटार दुपार कलल्यावर, त्यामुळं मिस्तरीला थांबावंच लागे. मग तो ओट्यावर बसून जेवायचा, वाशीमच्या गावगप्पा सांगायचा, दौलतरावांनी थापलेल्या भाकरीला नावं ठेवायचा. बायको रुखमाबाई गेल्यापासून त्या घरात भाकरीला नावं ठेवणारंही कोणी उरलं नव्हतं.

"मले काय समजते त्यातलं?" दौलतराव म्हणाले.

"तीन खेपा पाह्यलं ना तुमी. हंगाम हाये, जिकडंतिकडं कापूस उडून राह्यला, जात असन एखादा पुंजका टाकीत. येवढ्याशा कामाचे दर खेपेले दोन रुपये कायले देता? मलेच घ्यायले बरं नाई वाटत."

माणूस भला होता, आणि त्याचा भलेपणाच नडत होता. मिस्तरी जरा लबाड असता तर दौलतरावांचे दिवस सुखात गेले असते.

त्यांनी वेंधळेपणाचं सोंग घेतलं. पाना उलटा धरला, भलताच नट पिळला. उदयसिंग हसला. "तो नाई, त्याच्या खालचा." दौलतरावांनी खालचा सोडून बाजूचा धरला. असं बराच वेळ चाललं. या माणसाला सात जन्मांत जमणार नाही, असं मिस्तरीला वाटावं एवढीच त्यांची धडपड होती. आणि ते जमतही आलं होतं. पण हात बेइमान निघाले. नळीशी पोचल्याबरोबर त्यांनी दोन फेऱ्यांत नट सोडवला आणि ठिबकणाऱ्या पेट्रोलवर न बघताच अंगठा धरला.

उदयसिंग हसायचा थांबला.

नळीतला कापूस ओढून काढून दौलतरावांनी मूठ मिटली.

"पाहू," मिस्तरीनं हात पुढं केला.

मूठ उघडावी लागली. तळहातावर वात होती. मांडीवर वळलेली, चांगला पीळ दिलेली, टोकाला निमुळती. आतापर्यंत मिस्तरी तारेनं उकरून काढायचा, त्यात तिच्या चिंध्या व्हायच्या. आज ती अख्खी निघाली. आपण कापूस कोंबताना वात वळून बसलो, हे दौलतरावांनाही तेव्हाच कळलं. रोज संध्याकाळी करायचं काम, हाताला सवय लागून गेलेली.

"उडालेल्या कापसाले पीळ नसते, दौलतरावजी," उदयसिंग हळूच म्हणाला.

दौलतराव मोटारीच्या चाकाकडं बघत राहिले. साठीच्या माणसाला चोरी पकडली गेल्यावर कुठं बघावं ते सुचत नाही.

"देवापुढं दिवा कोन लावते?"

"मीच. ते गेली तवापासून."

मिस्तरीनं नळी बसवली, हँडल मारलं. मोटार पहिल्याच फटक्यात सुरू झाली, एखाद्या शहाण्या जनावरासारखी गुरगुरत उभी राहिली. त्यानं ती बंद केली, हात धुतले आणि जेवायला बसला. वाशीमचं काही बोलला नाही. भाकरी एका बाजूनं करपली होती.

"चांगली झाली भाकर," तो म्हणाला.

दौलतरावांनी हातातला घास ताटात ठेवला. एवढं परक्यासारखं त्यांना कुणी कधी वागवलं नव्हतं.

दुपार कलली. मिस्तरीनं पिशवी खांद्याला लावली. दौलतरावांनी दोन रुपये पुढं केले, तर त्यानं हात मागं घेतला.

"राहू द्या. मी येत जाईन असाच."

"कवा?"

"येईन ना. सवड झाली का येईन."

रिसोडला दिलेली लेकही हेच म्हणून गेली होती. तेराव्याला आलेले सोयरे हेच म्हणाले होते, आणि त्यातलं कुणीच खोटं बोललं नव्हतं; सवड मात्र कुणाला झाली नव्हती. रस्त्यावर सर्व्हिस मोटारीचा भोंगा वाजला. मिस्तरी वळला, तशी दौलतरावांनी त्याचं मनगट धरलं आणि रुपये त्याच्या मुठीत कोंबले.

"घे बाप्पा," ते म्हणाले. "पैसे घेतले तं मले तुले बोलवता येते."