चाचणीआधीची चाचणी

वीज गेली की अणुभट्टी थंड ठेवायची ती डिझेल जनरेटरनंच. चाचणीत तो दर महिन्याला नवव्या सेकंदाला सुरू होई, एकदाही चुकत नसे. नव्या इंजिनियर वृंदाला तेच खुपत होतं. आज ती चाचणीच्या तासभर आधीच आली, तर जनरेटरच्या खोलीत धुराचा ताजा वास.

"आत्ताच चालवून बंद केलात?"

"पाहुण्यांपुढं न्यायच्या आधी लेकराचं तोंड धुवावं लागतं, मॅडम," तातू मिस्त्री हसले.

"वीज जाताना तासभर आधी सांगून जाते का, मिस्त्री? शेजारचा दुसरा जनरेटर लावा. तोंड न धुता."

सुरू व्हायला दहा सेकंदांची मुभा होती. शेजारचा खोकला, थरथरला आणि एकविसाव्या सेकंदाला कुठे धडधडला.

तातूंचं हसू मावळलं. खिशातलं पेन त्यांनीच तिच्यापुढं धरलं. "नापास लिहा. आणि यापुढं अशाच न सांगता येत जा."